गावाची राई

घाट उतरून कोकणात जाताना उन्हाळ्याच्या दिवसांत एस. टी.च्या खिडकीतून बाहेर पाहिले, म्हणजे दोन्ही अंगांना उघडे डोंगर दिसतात. गवत वाळून पिवळे झालेले असते. भाजावळीच्या जागा काळ्या पडलेल्या असतात आणि जांभ्या दगडाचे सडे उन्हाने तापून निघालेले असतात. अशा वेळी एखाद्या गावाच्या कडेला, डोंगराच्या कुशीत किंवा ओहोळाच्या काठी, गर्द हिरव्या झाडांचा एक पुंजका एकाएकी दृष्टीस पडतो. भोवतीचे सारे रान तुटलेले असताना एवढीच झाडे तेथे कशी राहिली, असा प्रश्न कोणाही विचारी प्रवाशाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्या पुंजक्याची कडही अशी रेखीव असते, की जणू कोणी दोरी धरूनच ती आखली असावी.

हीच गावाची देवराई होय. कोकणात हिला काही ठिकाणी राई, तर काही ठिकाणी देवरहाटी म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील मावळातही अशा राया आहेत. काळकाई, वाघजाई, सोमजाई, रवळनाथ, भैरव अशा कोणत्या ना कोणत्या ग्रामदेवतेच्या नावाने ती राखलेली असते. देवतेचे स्थान म्हणजे मोठे देऊळच असते असे नाही. पुष्कळदा झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक तांदळा, दोन-चार मातीचे घोडे आणि एखादी पितळी घंटा, एवढाच देवीचा संसार असतो. काही राया अर्ध्या एकराच्याही नसतात, तर काही कित्येक एकरांवर पसरलेल्या असतात. परंतु लहान असो वा मोठी, राई कोणा एकाच्या घरची नसते. ती साऱ्या गावाची असते.

राईच्या भोवती बहुधा दगडांचा गडगा असतो. तो ओलांडून आत पाऊल टाकले, की पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत संध्याकाळसारखी सावली! पायाखाली पाचोळ्याचा जाड थर असतो, आणि त्यावरून चालताना गादीवरून चालल्याचा भास होतो. वर पाहावे तर आंबा, जांभूळ, बेहडा, सातवीण, किंजळ, ऐन यांचे उंच शेंडे एकमेकांत मिसळलेले दिसतात. त्यांच्या खाली अंजनीसारखी मध्यम उंचीची झाडे, त्यांच्याही खाली झुडपे, आणि सर्वांत खाली नेचे व शेवाळ. अशी ही वनाची मजल्यामजल्यांची हवेली असते. या साऱ्या मजल्यांना बांधणाऱ्या वेली म्हणजे तर दोरखंडच. त्यांतील गारंबीची वेल ज्याने एकदा पाहिली तो ती विसरत नाही. तिचे खोड माणसाच्या मांडीएवढे जाड होते. तिच्या शेंगा एक मीटरहूनही लांब वाढतात आणि त्यांतून तपकिरी, चपट्या, तळहातावर मावतील एवढ्या बिया निघतात. शेतात किंवा परसात अशी वेल सहसा मिळावयाची नाही. तिला चढण्यासाठी मोठमोठे वृक्ष लागतात आणि वाढण्यासाठी अनेक वर्षे लागतात. या दोन्ही गोष्टी आज कोकणात राईखेरीज इतरत्र दुर्मीळ झाल्या आहेत.

आता हे वृक्ष इतकी वर्षे टिकले कसे, ते पाहू. त्याचे सर्वांत सोपे उत्तर गावातला कोणीही देईल. तो म्हणेल, "देवीचं रान आहे. फांदी तोडली तर देवी कोपते." हे उत्तर खोटे नाही. रात्री कुऱ्हाड घेऊन निघालेल्या एकट्या माणसाचे पाय या भीतीने मागे फिरले असतील यात शंका नाही. परंतु केवळ भीतीने एखादी गोष्ट शेकडो वर्षे टिकते, हे मला पटत नाही. वर्गातसुद्धा छडीच्या धाकाने मुले गप्प बसतात ती गुरुजी दाराबाहेर जाईपर्यंतच! राईचे नियम जरा बारकाईने पाहिले, म्हणजे त्यांत भीतीहून वेगळे असे काही तरी आढळते.

गावागावांतले हे नियम सारखे नाहीत. कोठे वाळलेले पानसुद्धा उचलावयाचे नाही, असा कडक दंडक असतो. कोठे आपोआप पडलेली फळे खाण्यास मोकळीक असते. मात्र तेथे बसून हवी तेवढी खावीत, टोपली भरून घरी नेऊ नयेत, अशी रीत असते. या रीतीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तेथे बसून माणूस पोटापुरतेच खाणार आणि उरलेले दुसऱ्यासाठी राहणार. टोपली नेणारा मात्र उद्या दोन टोपल्या नेईल आणि परवा बाजार मांडील. औषधासाठी साल किंवा मूळ लागले, तर जाणता वैदू ते बेताने काढतो, कारण पुढच्या वर्षीही त्याच झाडाकडे त्याला यावयाचे असते.

आणि लाकूड? तेही कधी लागतच नाही असे नाही. देवळाचा वासा कुजतो, कधी आग लागून घरे जळतात. अशा प्रसंगी राईतले एखादे झाड मिळते, पण ते कोणा एकाने ठरवून चालत नाही. गावकरी आणि मानकरी जमतात. सर्वांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते. मग गुरव कौल लावतो. देवाच्या अंगावर फुले किंवा पाकळ्या पाण्याने चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडचे फूल आधी पडले तर देवाने होकार दिला, डावीकडचे पडले तर नकार दिला असे मानतात. फूल कोणत्या बाजूने पडावे हे वारा, ओलावा आणि पाकळीचे वजन यांवर अवलंबून आहे, हे तुम्ही शास्त्राच्या तासाला शिकलेली मुले लगेच सांगाल, आणि ते बरोबरच आहे. पण कौलाची खरी करामत फुलात नाही. झाड तोडण्यापूर्वी सारा गाव एकत्र जमतो, ते कशासाठी हवे आहे हे मोठ्याने सांगावे लागते, आणि सगळ्यांच्या कानांवर ते पडते, ही ती करामत होय. ज्याला झाड चोरून विकावयाचे आहे, तो असे गाऱ्हाणे कसे घालणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुन्या रीती जुन्या आहेत म्हणून सगळ्याच चांगल्या, असे नाही. काही राईंमध्ये स्त्रियांना आत जाण्यास मज्जाव असे आणि काही ठिकाणी तो आजही पाळला जातो. गावकीच्या मानापमानात काही घरे नेहमीच शेवटच्या पायरीवर उभी राहिली. राई साऱ्या गावाची, असे आपण म्हणतो तेव्हा त्या 'साऱ्या' शब्दात सगळी माणसे यावयास हवीत. ते काम पूर्वजांनी अर्धवट ठेवले आहे.

आता राईचा सर्वांत मोठा वाटा पाहू. तो फळांचा नव्हे, लाकडाचाही नव्हे. तो पाण्याचा आहे. कोकणात वर्षाला साधारणपणे ३,००० मिलिमीटर, म्हणजे उभ्या माणसाला बुडवून वर सुमारे तीन हात उरेल इतका पाऊस पडतो. तरीही चैत्र-वैशाखात कित्येक वाड्यांतील बायका हंडे घेऊन दूर चालत जातात. एवढे पाणी जाते कोठे? उघड्या सड्यावर पडलेला पाऊस थांबत नाही. थेंब जमिनीवर जोराने आपटतात, माती सुटते आणि गढूळ लोंढा काही तासांतच खाडीला मिळतो. राईत मात्र निराळे घडते. पावसाचा थेंब प्रथम उंच झाडाच्या पानावर पडतो, तेथून खालच्या झाडावर, तेथून झुडपावर, आणि शेवटी पाचोळ्यावर अलगद उतरतो. पाचोळा आणि त्याखालची कुजलेली काळी माती स्पंजासारखी पाणी शोषते. गांडुळे व किडे यांनी केलेल्या बारीक बिळांतून आणि मुळांच्या कडेने ते खाली झिरपते, खडकांच्या भेगांत साठते आणि सावकाश वाहत डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पावसाचे चार महिने पडलेले पाणी पुढे कितीतरी महिने पुरवून वापरणारी ही कोठी आहे. म्हणून पुष्कळ राईंच्या पोटातून एखादा पऱ्या निघालेला असतो, किंवा कडेला कुंड नाही तर विहीर असते. त्याच पाण्यावर माणसे, गुरे आणि पाखरे तहान भागवतात.

ही गोष्ट गावकऱ्यांना पुस्तकावाचून ठाऊक होती, याचे एक चांगले उदाहरण आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे दोघे सह्याद्रीतील देवरायांचा शोध घेत गावोगाव हिंडत होते. त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे गाव आहे. तेथील काळकाईची राई सरकारी खात्याकडून तोडली जाणार अशी चिन्हे दिसू लागली होती. शहरातले दोन विद्वान राया पाहत फिरत आहेत, ही बातमी ग्रामस्थांना लागली आणि त्यांनी या दोघांना मदतीसाठी साद घातली. ग्रामस्थांचे म्हणणे साधे होते. आमच्या गावाला पाणी देणारा ओहोळ या राईतून निघतो, राई गेली तर तोही जाईल. ती राई पुढे तोडीतून वाचली. वर्तक आणि गाडगीळ यांनी आपल्या अभ्यासाचा वृत्तान्त १९७६ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून जगातल्या शास्त्रज्ञांचे लक्ष आपल्या या गावरानांकडे विशेष वळले. तसे पाहिले तर ब्रिटिश काळातही या रायांची दखल घेणारे होते. हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख डिट्रिश ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकातच कूर्गमधील देवरकाडूंविषयी लिहून ठेवले आहे. केरळात अशा वनांना कावू म्हणतात. मेघालयातील खासी लोकांची मॉफलांग येथील राई तर पाहण्यासाठी दुरून माणसे येतात. म्हणजे गावाने मिळून एक रान राखावे, ही कल्पना आपल्या एकट्या मुलखाची नव्हे.

पाण्यापाठोपाठ पाखरांकडे वळू. त्यांतला एकच पक्षी घेतो, कारण त्याची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. हा पक्षी धनेश होय. कोकणात त्याला ककणेर म्हणतात. मोठी बाकदार चोच, तिच्यावर शिंगासारखा उंचवटा, आणि उडताना पंखांचा असा आवाज, की न पाहताही तो आल्याचे कळावे! हा पक्षी स्वतः घरटे विणीत नाही. जुन्या वृक्षाच्या खोडातील मोठी ढोली तो निवडतो. हिवाळा सरता सरता मादी त्या ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा व फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. मग कित्येक आठवडे ती त्या कोठडीत बसून अंडी उबवते. नर दिवसभर राईराईंतून उंबर, वड यांसारख्या झाडांची फळे आणतो आणि फटीतून तिला, आणि पुढे पिल्लांनाही, भरवतो. या काळात नराला काही अपाय झाला, तर आतल्या साऱ्या कुटुंबावर संकट कोसळते.

आता विचार करा, एवढी मोठी ढोली कोणत्या झाडाला असेल? जे झाड पाऊणशे-शंभर वर्षे उभे आहे, त्यालाच. लाकूडव्यापारी ज्याला पोकळ आणि निरुपयोगी म्हणून पहिल्याने काढील, तेच झाड धनेशाचे घर असते. पिकलेली फळे खाऊन तो बिया दूरदूर टाकतो, त्यामुळे एका राईतली झाडे दुसऱ्या रानात रुजतात. राई धनेशाला घर देते आणि धनेश रान पेरतो. हा हिशेब कोणत्याही वहीत लिहिलेला नाही, पण तो चुकत नाही.

राई ही केवळ राखून ठेवण्याची वस्तू आहे, असा मात्र समज करून घेऊ नका. ती गावाच्या आनंदाचीही जागा आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली वनभोजन होते. कोकणातल्या राईत झाडांच्या सावलीत चुली मांडाव्यात, भात शिजावा, आणि पत्रावळीवर साऱ्या वाडीने एका पंक्तीला बसावे, यासारखे सुख थोडे. घरी भाजीला नाक मुरडणारी मुले तेथे दोनदा वाढून घेतात! दक्षिण कोकणात जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी नाटक उभे राहते. पेटीचा सूर आणि झांजांचा नाद राईत घुमतो आणि पहाटेपर्यंत आबालवृद्ध घोंगड्या पांघरून बसलेले असतात. शिमग्याला पालखी निघते. मुंबईला नोकरीसाठी गेलेली माणसे या दिवसांत रजा काढून गावी येतात. आल्यावर पहिल्याने राईत जाऊन देवीला नारळ ठेवतात, आणि मग तेथेच सावलीला बसून वर्षभराच्या गोष्टी बोलतात. ज्या जागी सारा गाव जेवला, नाटक पाहिले, भांडला आणि पुन्हा एक झाला, ती जागा विकावयास कोणाचेही मन सहजी घेत नाही.

तरीसुद्धा गेल्या पन्नास-साठ वर्षांत अनेक राया तुटल्या, हे सांगितले पाहिजे. काही रस्त्यांसाठी गेल्या, काही धरणांच्या पाण्याखाली बुडाल्या. काहींच्या जमिनीच्या कागदांवर गावाचे नावच नव्हते, म्हणून गेल्या. आणि काही तर भक्तीपायीच गेल्या, हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. गावाकडे पैसा आला. देवीला उन्हापावसात का ठेवायचे, असे म्हणून लोकांनी सिमेंटचे मोठे देऊळ बांधावयास घेतले. देवळापुढे सभामंडप, मंडपापुढे फरसबंदी अंगण आणि अंगणापुढे मोटारी उभ्या करावयास जागा हवी झाली. तेवढ्यासाठी जुनी झाडे उतरवली. देऊळ झाले, कळसही चढला. पण जिच्या सावलीत देवी शतकानुशतके बसली होती ती राई राहिली नाही. देवीला छप्पर हवे होते की झाडे, हे विचारण्यासाठी कौल लावल्याचे मात्र ऐकिवात नाही.

याउलट राखणाऱ्या गावांचीही उदाहरणे आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे भालांडेश्वराची राई आहे. तिथल्या दलदलीत रानजायफळाच्या कुळातील झाडे वाढतात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून या झाडांची मुळे गुडघा वाकवावा तशी पाण्याबाहेर वर येतात आणि श्वास घेतात. अशी जायफळांची दलदल ही जगात फार थोड्या ठिकाणी उरलेली गोष्ट आहे. महाराष्ट्रात ती असेल असे अभ्यासकांनाही पूर्वी वाटत नव्हते. ग्रामस्थांनी आपले देवाचे रान म्हणून ती जागा राखली होती. २०२१ साली शासनाने या सुमारे अडीच हेक्टर जागेला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. विद्वानांनी नाव दिले ते आता. गावाने राखण केली ती कधीपासून, ते कोण सांगणार?

२००२ साली आपल्या देशात जैविक विविधतेचा कायदा झाला. त्या कायद्याने गावाच्या हाती एक नवे साधन आले आहे. प्रत्येक गावात एक समिती असावी आणि तिने गावातील झाडे, वेली, पशू, पक्षी, मासे, पिकांचे वाण आणि त्यांविषयी लोकांना असलेले ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी त्यात योजना आहे. ही वही शहरातला अधिकारी एकटा बसून लिहू शकत नाही. कोणत्या झाडाला कोणते स्थानिक नाव आहे, गारंबीला शेंगा कधी लागतात, ककणेर कोणत्या ढोलीत बसतो, पऱ्याचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, हे गुराख्याला, वैदूला, गुरवाला आणि रानभाज्या खुडणाऱ्या आजींना ठाऊक असते. त्यांना विचारणारे कोणी हवे.

काही शाळांतील मुले हे काम करू लागली आहेत. तुमच्या गावाला राई असेल, तर तुम्हीही ते करू शकाल. एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन सकाळच्या वेळी आत जावे. चपला बाहेर काढण्याची रीत असेल, तर त्या गडग्याशी काढून ठेवाव्यात. पान, फूल, बी काही तोडू नये; खाली पडलेले पाहावे व त्याचे चित्र काढावे. वहीच्या पहिल्या पानावर गावाचे नाव, राईचे नाव आणि तारीख लिहावी. एका रकान्यात झाडाचे गावात चालणारे नाव, दुसऱ्यात ते कोणी सांगितले त्या व्यक्तीचे नाव, आणि तिसऱ्यात त्या झाडाचा कोणाला काय उपयोग होतो, ते लिहावे. हा तिसरा रकाना जरा रुंद आखावा, कारण त्यात माणसांबरोबर पाखरांनाही जागा लागते.